मदत हवी आहे: इक्विटी रिसर्चमधील उन्हाळी इंटर्नशिपसाठी कोणता मार्ग निवडावा?

नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा असून सध्या पुण्यातील एका महाविद्यालयात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझा मुख्य विषय वित्त हा आहे. एप्रिल ते जून या काळात आठ आठवड्यांची इंटर्नशिप आमच्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे. ती मला मुंबईतील एखाद्या ब्रोकरेजच्या किंवा इन्व्हेस्टमेंट बँकेच्या इक्विटी रिसर्च विभागात करायची आहे, म्हणजे कंपन्यांच्या शेअर्सचा अभ्यास करून गुंतवणूकदार ग्राहकांसाठी अहवाल लिहिणाऱ्या ‘सेल-साइड’ला. आमच्याकडे या कामासाठी कोणी कॅम्पसला येत नाही. जे येतात त्यांचे काम मुख्यतः खाती उघडण्याचे आणि विमा विकण्याचे असते, त्यामुळे जी काही धडपड करायची ती स्वतःच करावी लागणार आहे.

आतापर्यंतची तयारी थोडक्यात सांगतो. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पातळी मी गेल्या वर्षी उत्तीर्ण झालो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांखाली लागणारी, एनआयएसएम या सेबीच्याच प्रशिक्षण संस्थेची पंधराव्या मालिकेची परीक्षा पुढच्या महिन्यात देणार आहे. ती उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तरांचे गुण वजा होतात, म्हणून घाई केलेली नाही.

नमुना म्हणून दाखवण्यासाठी मी भारत फोर्ज या वाहनांचे घडीव पोलादी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे मॉडेल, म्हणजे पुढील विक्री-नफ्याचा अंदाज मांडणारे एक्सेल, आणि त्यावर आधारित अहवाल बनवला आहे. त्यासाठी पाच वर्षांचे वार्षिक अहवाल आणि तिमाही निकालांनंतरच्या कॉन्फरन्स कॉलची शब्दांकने वाचली. या कामात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. एका विश्लेषकांनी मोठ्या मनाने फोनवर पंधरा मिनिटे दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, की एकत्रित (उपकंपन्यांसह) विक्रीला स्टँडअलोन (केवळ मूळ कंपनीच्या) नफ्याचे प्रमाण का लावले आहे? भारतातील कारखान्यांच्या तुलनेत युरोप-अमेरिकेतील उपकंपन्यांचा नफा बराच कमी असतो, हे मी वाचले होते, पण मॉडेलमध्ये उतरवलेच नव्हते. त्यानंतर दोन्ही भाग वेगळे करून सगळे पुन्हा बांधले आणि उत्तर अमेरिकेतील क्लास ८, म्हणजे सर्वांत जड वर्गातील, ट्रकच्या मासिक मागणीचे आकडे निर्यातीच्या अंदाजाला जोडले.

या दुरुस्तीत मला खरी मदत झाली ती वडिलांची. शिरोली एमआयडीसीत त्यांचे छोटे मशीन शॉप आहे आणि आजूबाजूच्या फाउंड्र्यांशी (ओतकाम कारखान्यांशी) त्यांचा रोजचा संबंध असतो. पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भंगार महागले की ग्राहक ठरलेल्या सूत्राने दर वाढवून देतो, पण किलोमागे सुटणारे पैसे तेवढेच राहतात, हे त्यांनी हिशेबाची वही उघडून दाखवले. म्हणजे धंदा बिघडलेला नसतो, विक्रीचा आकडा फुगल्यामुळे नफ्याची केवळ टक्केवारी उतरते. फोर्जिंगमध्ये, म्हणजे पोलाद दाबून-ठोकून भाग घडवण्याच्या धंद्यात, पोलादाच्या दराबाबत हेच घडते, आणि म्हणून टनामागील नफा पाहणे अधिक योग्य ठरते. माझ्या अहवालातील सर्वांत भक्कम पान हेच आहे, असे मला मनापासून वाटते.

जानेवारीच्या अखेरीस मी साधारण ४० विश्लेषकांना ईमेल पाठवले आणि तीनच उत्तरे आली. तिमाही निकाल ४५ दिवसांच्या आत जाहीर करावे लागत असल्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ही मंडळी रात्री उशिरापर्यंत कामात असतात, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आता निकालांचा हंगाम संपल्यावर पुन्हा लिहायचे आहे. पहिल्या ईमेलमध्ये संपूर्ण अहवाल आणि एक्सेल जोडावे, की केवळ टनामागील नफ्याचा मुद्दा दहा-बारा ओळींत मांडून बाकीचे मागितल्यावर पाठवावे? दुसरे असे, की अहवालात मी लक्ष्य किंमत (शेअर कुठवर जाईल याचा अंदाज) आणि ‘खरेदी’ असे मत दिले आहे. नोंदणीशिवाय जाहीरपणे शिफारस करणे नियमात बसत नाही, म्हणून तो मी कुठेही प्रसिद्ध केलेला नाही; परंतु नोकरीसाठीचा नमुना म्हणून खासगीरीत्या पाठवताना ते मत ठेवावे, की मूल्यांकनाची पद्धत दाखवून थांबावे?

सर्वांत मोठा पेच मात्र वेगळाच आहे. सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला पुण्यातील एका संशोधन-साहाय्य केंद्राचा आहे, जिथून परदेशी बँकांच्या विश्लेषकांसाठी मॉडेल अद्ययावत करणे, तक्ते बनवणे, निकालांचे आकडे भरणे अशी कामे होतात. तिथे विद्यावेतन चांगले आहे, शिस्त शिकायला मिळेल आणि घरभाड्याचा प्रश्न येत नाही. दुसरा मुंबईतील एका लहान ब्रोकरेजचा आहे. तिथे एक रुपयाही मिळणार नाही, पण औद्योगिक क्षेत्रातील मिडकॅप (मध्यम आकाराच्या) कंपन्या पाहणाऱ्या विश्लेषकांच्या शेजारी बसून काम करता येईल, व्यवस्थापनांशी होणाऱ्या बैठकांना हजर राहता येईल आणि चॅनल चेकसाठी, म्हणजे धंद्याची प्रत्यक्ष स्थिती पडताळण्यासाठी, वितरकांना, पुरवठादारांना फोन करावे लागतील. दोन महिन्यांचे मुंबईतील राहणे-खाणे वडिलांना भागवता येईल, पण ते त्यांना जड जाईल, हे मला माहीत आहे.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण आकडे कुठून येतात हे मला शिकायचे आहे. परंतु ज्यांनी साहाय्य केंद्रातून सुरुवात करून पुढे मुंबईत स्वतःच्या नावाने अहवाल लिहिले, अशा कोणाचा अनुभव असल्यास तो मला अवश्य ऐकायचा आहे. तो बदल करताना नेमकी अडचण कशाची आली, आणि मुलाखतीत आधीचे काम कसे मांडले? तसेच मोठ्या बँकांत इंटर्न निवडताना लहान ब्रोकरेजमधील विनावेतन कामाला खरोखर वजन दिले जाते का, हे निवड करणाऱ्या कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

दोन्ही ठिकाणी मला येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचे आहे.