कँटीन ठेकेदाराचं, मग आरोपी अख्खी कार्यकारिणी कशी?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यातली एक शिक्षणसंस्था, नाव सांगत नाही. शाळेचं कँटीन दरवर्षी ठेक्याने देतात. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी तिथली सुटी मिरची पूड नमुना म्हणून नेली. अहवालात परवानगी नसलेला रंग निघाला आणि पूड 'असुरक्षित' ठरली. आजारी कोणी पडलं नाही, पालकांची तक्रारही नव्हती. नोटिसा मात्र ठेकेदार, मुख्याध्यापिका, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा झाडून सगळ्यांना. खजिनदार माझे मेहुणे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, संस्थेत एक पैसा मानधन घेत नाही. कँटीनमध्ये त्यांनी चहासुद्धा क्वचित घेतला असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हा ज्याने केला त्याला धरा. मनात काही वाईट नाही, हातून काही घडलं नाही, केवळ लेटरहेडवर नाव आहे म्हणून फौजदारी? अशाने गोव्यात संस्था चालवायला माणूस मिळणार नाही. आताच वार्षिक सभेत खजिनदारपदासाठी हात वर होत नाहीत.

म्हापशेकर

पाणी डोळ्यांत आलं. आता एक सांगा, त्या कँटीनची पावणी, म्हणजे लिलाव, कसा होतो? जो जास्त भाडं देईल त्याला, हो ना? मग तो ठेकेदार भाडं कुठून काढणार? वड्याची किंमत वाढवली तर पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, ओरडतो. म्हणजे तेल दोनदा-तीनदा तळायचं आणि मिरची पूड बाजारातली सगळ्यात स्वस्त आणायची. ते भाडं जमा कोणाच्या वहीत होतं? खजिनदारांच्या. पैसे येतात तेव्हा कँटीन संस्थेचं आणि रंग सापडला की ठेकेदाराचं, असं चालत नाही.

कज्जेदलाल

दोघंही अर्धं बोलताय. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, कलम ६६ वाचा. 'कंपनी'ने गुन्हा केला तर कंपनी आणि त्या वेळी तिच्या कारभाराची सूत्रं ज्याच्याकडे होती व जो त्यासाठी तिला जबाबदार होता तो, असे दोघंही दोषी मानले जातात. 'कंपनी' म्हणजे फक्त प्रायव्हेट लिमिटेड नव्हे. कोणतीही निगम संस्था, भागीदारी, माणसांचा कसलाही संघ त्यात येतो. 'आमची तर नोंदणीकृत सोसायटी' ही पळवाट म्हणूनच फारशी उपयोगाची नाही. नफा नाही हेही कारण नाही. 'अन्न व्यवसाय' म्हणजे नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी, असं व्याख्येतच आहे.

पण अंत्रुजकर, नुसतं पद असणं पुरत नाही. चेक न वटण्याच्या कायद्यात कलम १४१ ची भाषा जवळजवळ हीच आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने एसएमएस फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात २००५ साली स्पष्ट म्हटलं, की संचालक आहे एवढ्यावर कोणी दोषी ठरत नाही. कारभार त्याच्या हातात होता हे तक्रारीत नेमकं मांडावं लागतं. तुमच्या मेहुण्यांचा बचाव तिथे आहे, 'मी मानधन घेत नाही' यात नाही. मानधनाचा या कायद्याशी काडीचा संबंध नाही.

अंत्रुजकर

नेमकं मांडावं लागतं हे कोर्टात. तोवर वकिलाची फी, तारखा, आणि गावात 'ह्यांच्यावर भेसळीची केस आहे' ही चर्चा. ती कोण भरून देणार? आरोपीच्या रांगेत आधी सगळ्यांना उभं करायचं आणि मग एकेकाने 'मी नव्हतो' म्हणत सुटायचं, ही कसली पद्धत?

सावईची बाय

मी स्वयंसाहाय्य गटात आहे. शाळांना माध्यान्ह आहाराची भाजी-पाव आम्ही करतो. पहाटे वाटाणे कुकरला लागतात, सातच्या आत डबे भरायचे. आमच्या स्वयंपाकघरात अधिकारी येतात, नखं बघतात, टोप्या बघतात, पाण्याची टाकी उघडून बघतात. दरवर्षी वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो. बघू देत, बघायलाच हवं, मुलांच्या पोटात जातं ते. पण बिल मात्र महिनोन्‌महिने अडकतं आणि किराणा आम्हाला उधारीवर आणावा लागतो. उधारीवर आणणाऱ्या बाईला दुकानदार कुठली पूड देतो ते विचारा.

तर माझा प्रश्न असा, की वर बसलेले सगळे सुटले तर उरतं कोण? आम्हीच ना? खजिनदारसाहेबांना वकील तरी परवडतो.

म्हापशेकर

बाय, लाख बोललात. बिहारात २०१३ च्या जुलैमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. २०१६ मध्ये शिक्षा झाली ती मुख्याध्यापिकेला. तिथे खटला सदोष मनुष्यवधाचा होता, मान्य. पण तेल कुठून येतं, कशात साठवतात, हे बघायला वर कोणीच नव्हतं का?

कज्जेदलाल

तो खटला इथे आणू नका. तिथे तिच्या स्वतःच्या वागण्याबद्दल शिक्षा होती, दुसऱ्याच्या गुन्ह्याची जबाबदारी नव्हती. आपण बोलतोय ते दुसरं.

बायच्या मुद्द्याचं उत्तर कायद्यात आहे, पण ते तिच्याच विरुद्ध जाऊ शकतं. कलम ६६ चं पहिलं परंतुक, म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेली अट, सांगते, की संस्थेच्या वेगवेगळ्या शाखा वा युनिट असतील तर त्या युनिटसाठी अन्न सुरक्षेला जबाबदार म्हणून संस्थेने नेमलेला माणूस त्या युनिटपुरता जबाबदार. त्या नेमणुकीचा फॉर्म म्हणजे 'नमुना नऊ', तो परवान्याच्या फाइलीत लावतात. कल्पना चांगली होती, की जो चुलीजवळ आहे त्याला अधिकारही द्यावा आणि जबाबदारीही. प्रत्यक्षात काय होतं? सचिव म्हणतात, 'अगो, हांगा एक सही कर,' आणि ऑफिसातली क्लार्क सही करते. तिला माल परत पाठवायचा अधिकार नाही, पुरवठादार बदलायचा नाही, दहा रुपये खर्च करायचा नाही. वर्षाने समन्स येतं तेव्हा कळतं आपण कशावर सही केली.

यावर एक आधार आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की कंपनीला दोषी न ठरवता नेमलेल्या माणसाला एकट्याला दोषी ठरवता येत नाही. जुन्या भेसळ कायद्याखालचा निकाल होता, पण रचना तीच. म्हणजे क्लार्कला पुढे करून संस्था मागच्या दाराने निघून जाऊ शकत नाही.

पेडण्याचो पात्राव

आमच्या देवळाच्या महाप्रसादाचं काय मग? जत्रेला हजारो पानं उठतात. मुखत्याराला पण नमुना नऊ?

कज्जेदलाल

हसू नका पात्राव, नोंदणीच्या २०११ च्या नियमांत धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा छोट्या अन्न व्यावसायिकांत मोजला आहे. नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये. केटरर आणलात तर त्याला त्याचा स्वतःचा परवाना वा नोंदणी हवी. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा.

अंत्रुजकर

विषयावर येऊया? म्हापशेकर, तुम्ही भाड्याचं बोललात म्हणून सांगतो. ते भाडं शाळेच्या शौचालयांच्या दुरुस्तीत जातं, कोणाच्या खिशात नाही. आणि ठेकेदाराकडे स्वतःचा परवाना आहे. अन्न व्यावसायिक तो, संस्था नव्हे. आम्ही फक्त जागा दिली. घरमालकाने दुकान भाड्याने दिलं म्हणून दुकानातल्या पुडीला घरमालक जबाबदार?

म्हापशेकर

शाळा घरमालक नाही. मुलांच्या आहाराबद्दल २०२० चे वेगळे नियम आहेत. शाळेने स्वतः जेवण केलं तर स्वतः नोंदणी वा परवाना घ्यायचा आणि ठेकेदाराकडून घेतलं तर त्याच्याकडे तो आहे आणि तो नियम पाळतो हे शाळेच्या व्यवस्थापनाने बघायचं. फाटकापासून पन्नास मीटरांत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, हेसुद्धा त्यातच. गोव्यात हे किती शाळा पाळतात ते सुट्टीच्या वेळी कुठल्याही फाटकाबाहेर उभं राहून बघा.

कज्जेदलाल

म्हापशेकरांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून 'सगळी कार्यकारिणी आरोपी' निघत नाही. 'शाळेचं व्यवस्थापन' म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न उरतोच.

शिवाय कलम ६६ चं दुसरं टोक विसरू नका. माहिती नव्हती किंवा गुन्हा टाळायला सगळी योग्य काळजी घेतली, हे सिद्ध केलं तर सुटका आहे. सिद्ध मात्र आरोपीने करायचं. आणि काळजी म्हणजे देवाला नारळ नव्हे. खरेदीची बिलं, पुरवठादाराचा परवाना क्रमांक, महिन्याला एकदा कोठारात डोकावल्याची नोंद, सुटा मसाला आणू नये असं लेखी पत्र. उलट बाजूला ६६(२) आहे, की एखाद्या अधिकाऱ्याच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणामुळे घडलं असेल तर सूत्रं हातात नसली तरी तो अडकतो.

शिक्षेचंही सांगतो, नाहीतर लोक जन्मठेपेच्या गोष्टी करतात. माल नुसता कमी प्रतीचा असता तर तुरुंग नाहीच. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी पाच लाखांपर्यंत दंड करू शकला असता. 'असुरक्षित' ठरला म्हणून फौजदारी. कोणाला इजा नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याआधी ते सहा महिने आणि एक लाख होतं. सात वर्षं ते जन्मठेप ही मृत्यू झाला तर.

सावईची बाय

म्हणजे मोठ्यांचा तुरुंग कमी केला आणि दंड वाढवला. तीन लाख आमच्या गटाच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त आहेत हो.

अंत्रुजकर

ठेक्याचा कागद मागवून घेतला. चौथ्या कलमात आहे, 'कच्चा माल तपासण्याचा अधिकार संस्थेस राहील.' तपासणी कोणी केल्याची नोंद नाही.

म्हापशेकर

झालं तर.

अंत्रुजकर

काय झालं? तो अधिकार 'मुख्याध्यापक वा त्यांनी नेमलेली व्यक्ती' यांच्याकडे आहे, पुढची ओळ वाचा. खजिनदाराचा उल्लेखही नाही. मुख्याध्यापिकेने उत्तर द्यावं, संस्थेने द्यावं. चार मानद माणसांना त्यात गोवणं मला आजही चूक वाटतं.

सावईची बाय

आणि त्या मुख्याध्यापिकेने वाण्याकडे जाऊन मिरची हुंगायची होती की दहावीचा वर्ग घ्यायचा होता?

कज्जेदलाल

भांडण चालू द्या, पण अंत्रुजकर, प्रयोगशाळेचा अहवाल हातात कधी पडला? विश्लेषकाच्या अहवालावर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करायला तीस दिवस असतात. अधिकाऱ्याला पटलं तर नमुन्याचा राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेत जातो. अपील अन्न व्यावसायिकाने करायचं असतं, म्हणजे ठेकेदाराला गाठा. तो फोन उचलतोय का?

अंत्रुजकर

अहवाल गेल्या महिन्याच्या शेवटी आला. ठेकेदार उचलत नाही. उद्या त्याच्या घरी जातो.