नडगी दुखतेय, ग्राउंड जवळ आलंय, लवकर सांगा

रानपाखरू
पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पळताना उजव्या पायाची नडगी दुखते. तीन दिवस आराम करून झाला, बाम लावून झाला, काडीचा फरक नाही. ग्राउंडची (मैदानी चाचणीची) तारीख कधीही लागू शकते. 'आराम करा' एवढं सोडून काय ते सांगा. गोळी असेल तर नाव सांगा. आजच पाहिजे.

डबलभाकर
दादा, असं अर्धवट लिहिल्यावर काय सांगावं माणसानं? नडगी पुढून दुखते का आतल्या बाजूनं? किती दिवसांपासून? पळता कुठं, डांबरावर का मातीत? बूट कधीचे? आधी किती पळायचे आणि आता किती?

घाण्याचंतेल
करडईचं तेल घ्या, लसणाच्या चार पाकळ्या टाकून कढवा, कोमट झालं की रात्री चोळा. आठ दिवसांत पाय मोकळा. घाण्याचंच पाहिजे, पिशवीतलं नको.

गोदाकाठ
शिन स्प्लिंट आहे (एकदम जास्त पळून नडगीच्या कडेला दुखतं ते). मला भरतीच्या टायमाला सेम हेच झालं होतं. दोन किलोमीटरवरून एकदम आठवर गेलो, तेही नांदेडच्या डांबरी रस्त्यावर. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूला वीतभर दुखायचं. सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की कमी होतं, थांबलं की परत. उपाय म्हणजे पळणं निम्म्यावर आणा, मातीत पळा, पोटऱ्यांचा व्यायाम करा (पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वरखाली, 15 चे तीन सेट). आणि 1600 मीटरला पहिला राउंड दाबून मारू नका, सगळे तिथंच मरतात. तिसरा राउंड सांभाळला की 20 मार्कांपैकी...

रानपाखरू
1600 नाही, 800. मी मुलगी आहे. दादा म्हणू नका.
परभणी. जिंतूर रोडला पळते, पहाटे 5 ला. डांबरच. बूट भावाचे आहेत, आतून मोजा घालते. गोळीचं नाव कोणीच सांगितलं नाही.

डबलभाकर
सॉरी ताई. भावाचे बूट?? इथंच निम्मं उत्तर आहे.

गोदाकाठ
बुटानं एवढं होत नाही. डांबर सोडा. कृषी विद्यापीठाकडं मातीचे रस्ते आहेत की.

रानपाखरू
तिथपर्यंत जायला गाडी लागते. आणि अंधारात मातीच्या रस्त्यानं एकटीनं जाऊ का? रोडला निदान गाड्यांचा उजेड असतो. कुत्रे तर तिथंही आहेत.

मुक्कामपोस्ट_आष्टी
एवढे लाड कामून? आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे काय गादीवर पळून मोठा झाला का? 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्य. केनियाचा गडी थोडक्यात वाचला. मनात पाहिजे.

गोदाकाठ
भाऊ, ती 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) सिंथेटिक ट्रॅकवर असते. डांबरावर नाही. साबळेचा अभिमान आम्हालाही आहे, पण त्याचं नाव घेऊन पोरीचा पाय मोडू नका.

जिमवाला_छसं
विषय निघालाच आहे तर विचारतो. वय 42, जिम लावून चार महिने झाले, क्रिएटिन (ताकदीची पावडर) घेतो. परवा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीसाठी बघतात ते) जरा वाढलेलं. बायको म्हणते किडनी गेली. पोटही कमी होत नाही.

अंबाजोगाईची_फिजिओ
जिमवाले, क्रिएटिन चालू असलं की रक्तात क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं. तेवढ्यावरून किडनी गेली असं होत नाही, आणि ठीक आहे असंही मी इथून सांगणार नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना पावडरचं सांगा. पोटासाठी वेगळा धागा काढा.

रानपाखरू, तुझ्याकडं येते. चार गोष्टी सांग. 1) एका बोटानं दाबून दाखवता येईल एवढीच जागा दुखते का लांबवर? 2) रात्री झोपेत ठणकतं का? 3) त्या पायावर उभी राहून एक छोटी उडी मारता येते का? दुखलं तर परत करून बघू नको. 4) पाळी वेळेवर येते का, आणि दिवसभरात खातेस काय?

मुक्कामपोस्ट_आष्टी
ताई, असले प्रश्न चार लोकांत विचारायचे असतात का? जरा तारतम्य.

अंबाजोगाईची_फिजिओ
वाचू द्या चार लोकांना. हाडाचा प्रश्न आहे, म्हणून विचारलं.

रानपाखरू
एका बोटाएवढीच जागा, नडगीच्या मधोमध. रात्री ठणकतं. उडी मारली, डोळ्यात पाणी आलं. तीन महिने आली नाही. अकॅडमीतले सर म्हणाले पळणाऱ्या पोरींचं तसंच असतं. वजन कमी झालं की टायमिंग बसतं म्हणून भाकरी सोडली आहे. सकाळी केळ, दुपारी वरण, रात्री काकडी.
पण एक्स-रे काढला होता. नॉर्मल आला. म्हणून तर विचारते आहे, काहीच नाही तर दुखतं कामून?

डबलभाकर
एक्स-रे काढला होता हे आता सांगताय माय!

अंबाजोगाईची_फिजिओ
दुखायला लागल्यावर किती दिवसांनी काढला?

रानपाखरू
पाचव्या दिवशी. आता तीन आठवडे होत आले.

अंबाजोगाईची_फिजिओ
मग तो नॉर्मल एक्स-रे धरून बसू नको. हाडाला बारीक चीर पडली असेल (स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात), तर पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. भरायला लागल्यावर दिसते. एमआरआयमध्ये लवकर दिसते.

गोदाकाठ म्हणतात ते वीतभर दुखणं वेगळं. तुझं बोटाएवढं आहे, रात्री ठणकतं, उडी मारता येत नाही. नक्की काय ते तपासल्यावरच कळेल, पण तोवर पळायचं नाही म्हणजे नाही. गोळीचं नाव देणार नाही ते याच्यासाठी: दुखणं दबेल, तू पळशील, आणि चिरीचं पूर्ण फ्रॅक्चर होईल. चीर असली तर साधारण सहा ते आठ आठवडे जातात. पूर्ण मोडलं तर अख्खी भरती गेली.

अस्थिरोगतज्ज्ञांना पाळीचं स्वतःहून सांग, ते विचारतीलच असं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखव, तीन महिने थांबण्याची कारणं दुसरीही असू शकतात. पळणाऱ्या पोरींचं तसं 'असतं' नाही. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी तोच खर्च बंद करतं, मग हाड भरायलाही काही उरत नाही. भाकरी आजपासून चालू. सोबत दूध, अंडी खात असशील तर अंडी, मूठभर शेंगदाणे. काकडीनं हाड भरत नाही.

गोदाकाठ
माघार. रात्रीचं ठणकणं मला नव्हतं. ताई म्हणतात ते करा.

रानपाखरू
एमआरआयला पैसे लागतात. घरी सांगितलं की पळणंच बंद करतील.

डबलभाकर
आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, परत एक्स-रे काढून बघतील. आता दिसायचं असेल तर त्यातच दिसेल. आणि घरी आईला तरी सांगा.

रानपाखरू
उद्या आईला घेऊन जाते. भाकरीचं ऐकून ती खूशच होईल.
पण ग्राउंडला 50 पैकी 25 मार्क तर पाहिजेतच ना. गोळाफेकीला 15 आहेत. बसून गोळा फेकून सराव होतो का?

अंबाजोगाईची_फिजिओ
डॉक्टरांनी बघितल्यावर. ते हो म्हणाले तर खुर्चीवर बसून, उजव्या पायावर जोर न देता. आधी हलक्या गोळ्यानं, चार किलोचा नंतर. खांदे आणि मनगट तयार राहील. ग्लाइड (फेकायच्या आधी पायानं मागं सरकणं) मात्र पाय बरा झाल्यावरच.

घाण्याचंतेल
तेल चोळलं का नाही ते सांगितलंच नाही.

अंबाजोगाईची_फिजिओ
काका, त्या जागी काही चोळायचं नाही.

घाण्याचंतेल
बरं. मग डाव्या पायाला चोळा.