ग्रीन स्टील म्हणजे नक्की काय हो?

खाडीकाठचा:
अलिबागजवळ घर बांधतोय. दुकानदार म्हणतो ही सळई घ्या, ग्रीन स्टील आहे. लोखंड कसलं ग्रीन? आमच्याकडे सकाळी ओटीच्या कठड्यावरनं बोट फिरवलं तर काळं होतं.

भट्टीवाला:
दादा, काजळी वेगळी आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा, तो दिसत नाही. ग्रीन म्हणजे बनवताना तो कमी निघालेलं पोलाद. ब्लास्ट फर्नेसमधे, म्हणजे खनिजातनं लोखंड काढायच्या भट्टीत, कोक (भाजलेला दगडी कोळसा) नुसता जाळायला नसतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायलाही तोच लागतो, म्हणून टनभर पोलादामागे साधारण २ टन किंवा जास्तच कार्बन डायऑक्साइड निघतो. कोकऐवजी हायड्रोजन वापरला की वाफ निघते, स्वीडनच्या हायब्रिट प्रकल्पवाल्यांनी असं पोलाद २०२१ मधे व्होल्व्होला दिलं पण. आपल्या सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या व्याख्येत मात्र टनामागे २.२ टनांच्या खाली असलं की ग्रीन, १.६ च्या खाली पाच स्टार. म्हणजे हिरवं कसलं, पोपटीच. सर्टिफिकेट मागा, दुकानदार गप्प होईल :)

माडावरून:
सळईचं ठीक, सिमेंटचं काय? आमचे आजोबा शिंपल्या भाजून चुना करायचे, टोपलीभर शिंपल्या टाकल्या की चुना निम्म्याच वजनाचा निघायचा, बाकीचा तोच कार्बन डायऑक्साइड गॅस होऊन वर. क्लिंकरला (जे दळून सिमेंट होतं ते खडे) चुनखडी भाजतात तेव्हा हेच होतं, भट्टी सोलरवर चालवलीत तरी तो गॅस निघणारच. स्लॅग सिमेंट बघा, क्लिंकर कमी लागतो आणि खाऱ्या हवेत टिकतं.

खाडीकाठचा:
स्लॅग म्हणजे त्याच फर्नेसची मळी ना? गवंडी म्हणतो उशिरा सेट होतं. पावसाच्या आधी स्लॅब पडायलाच हवा हो.

माडावरून:
मग पाणी जास्त दिवस मारा, घाई नको.