मदत हवी आहे : आप्पांसाठी मराठीतून प्वारो

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितेय. आमच्या आप्पांना अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेरावरच्या, डेव्हिड सुशेच्या 'प्वारो' मालिकेचं (१९८९ ते २०१३, ७० भाग) भलतंच वेड लागलंय. त्या टोकदार मिशा आणि तुरुतुरु चाल, बस! दूरदर्शनवर बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' लागायचा, तेव्हापासूनचा हा किडा. प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज मूळ कथेत नसला तरी त्याला मालिकेत बऱ्याचदा घुसवलाय, हे मी सांगून बसले आणि आता त्यांना पुस्तकंच हवीत. तीही मराठीत, जरा मोठ्या अक्षरांत. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

कुठला अनुवाद रसाळ आहे? जळगाव-धुळ्यात जुनी पुस्तकं कुठे मिळतील? आणि कृपा करून खुनी कोण ते लिहू नका, आप्पा कमेंट्स वाचतात!