प्रुडंट वेगळा, ज्युडिशियस वेगळा
बऱ्याच जणांना वाटतं की प्रुडंट, ज्युडिशियस, सेन्सिबल या सगळ्या इंग्रजी शब्दांना मराठीत 'शहाणा' चालतं. नाही चालत हो. प्रुडंटचं लॅटिन मूळ 'आधीच पाहणारा' अशा अर्थाचं, म्हणजे नजर पुढच्या धोक्यावर. आमच्या रावेरकडे उन्हाळ्यातल्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात. ते ठाऊक असून मुदतीत पीकविमा काढणारा शेतकरी प्रुडंट. तोच शेतकरी ठिबकमधून खत किती आणि कधी सोडायचं ते झाडाकडे बघून ठरवतो, ते ज्युडिशियस. त्यात तोलूनमापून वापरणं आलं. म्हणून 'ज्युडिशियस यूज' ही जोडी एवढी दिसते. ज्युडिशियल मात्र न्यायालयीन. कोर्टाचा निकाल ज्युडिशियल असतोच, ज्युडिशियस असेलच असं नाही!

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या अर्जात स्वतःला 'सेन्सिटिव्ह' लिहून बसलो, म्हणायचं होतं 'सेन्सिबल', म्हणजे समंजस. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लवकर मनाला लागतं का तुमच्या?" घरी आजीला सांगितलं तर ती अहिराणीत म्हणाली, "भलता शाना शे तू!" हा 'शाना' सेन्सिबल नव्हे, टोमणा आहे. इंग्रजीतला 'क्लेव्हर' त्याच्या जवळ जातो, तोही योग्य सुरात म्हटला तर.

डिस्क्रीटचं राहिलंच. तोंडात शब्द एकच, स्पेलिंगं दोन. दोन ई शेजारी असतील (discreet) तर 'तारतम्य राखून वागणारा'. मध्ये टी घुसला (discrete) की 'सुटा, वेगळा'.