ग्रिडला मराठीत काय म्हणता? आणि गटरला?

कानामात्रा
पेज लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. ग्रिड. जाळी म्हणावं तर डोळ्यासमोर खिडकीची मच्छरजाळी येते, चौकट म्हणावं तर ती एकच, बाहेरून. भूगोलाच्या पुस्तकात अक्षवृत्तं-रेखावृत्तं मिळून "वृत्तजाळी" होते, शब्द झकास आहे पण तो नकाशापुरताच. मला हवाय तो अर्थ असा की पानावर आधी उभ्या-आडव्या रेघा आखून घ्यायच्या, ज्या छापल्या जाणार नाहीत, आणि मग मजकूर, फोटो, मथळे सगळं त्यांना धरून बसवायचं. त्याच्याबरोबर मार्जिन, कॉलम, गटर, मॉड्यूल, बेसलाइन ही पण फौज आहेच. रोज काम करणारे लोक काय बोलतात ते सांगा, कोशातलं मी बघितलंय.

खिळेवाला
मार्जिनचा प्रश्नच नाही, समास. वहीला समास आखला नाही म्हणून ज्यांनी छड्या खाल्ल्यात त्यांना वेगळं शिकवायला नको. पुस्तकात फक्त बांधणीकडचा समास आणि कटिंगकडचा समास एवढा फरक करा म्हणजे झालं.

कॉलमला छापखान्यात कॉलमच म्हणतात, पेपरातल्या जाहिरातीचा दरसुद्धा कॉलम सेंटीमीटरने लागायचा. लिहिताना मी रकाना लिहितो. "रकानेच्या रकाने भरून बातम्या आल्या" हे आपण बोलतोच की. स्तंभ मात्र टाळा, स्तंभ म्हटलं की त्यामागून स्तंभलेखक येतो. इंग्रजीत पानावरची जागा आणि त्या जागेत दर रविवारी येणारं लिखाण दोन्हीला कॉलम म्हणून भागतं, आपल्याकडे जागा ती रकाना आणि लिखाण ते सदर, अशी सोय आयती आहे तर ती का मोडायची?

आणि रकाने ही काय कालची गोष्ट नाही. १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' बघा, एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी. गंमत म्हणजे ग्रिडवाल्यांचं जे सगळ्यात नावाजलेलं पुस्तक आहे, स्वित्झर्लंडच्या योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांचं, १९८१ चं, ते पण असंच द्वैभाषिक आहे, जर्मन आणि इंग्रजी. त्यांच्या जर्मनमध्ये ग्रिडला "रास्टर" म्हणतात. म्हणजे त्यांनी इंग्रजी शब्द घेतला नाही, पण म्हणून आपण घ्यायचाच नाही असं काही नाही. मी ग्रिड म्हणतो. पॉवर ग्रिड म्हणताना कुठे अडखळतो आपण?

पूर्णविराम
ग्रिड चालेल हो, पण गटरचं काय करणार? "दोन रकान्यांमधलं गटार पाच मिलीमीटर ठेवा" 😄 वर्गात एकदा हे वाक्य गेलं की पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा.

खिळेवाला
खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, एकेक करून जुळवायच्या काळात आम्ही त्याला नावच दिलं नव्हतं, "मधे दोन एम सोड" म्हटलं की खिळे जुळवणारा कंपोझिटर सोडायचा (पॉइंट हे छपाईतलं माप, १२ पॉइंटचा एक एम, नव्या मुलांसाठी सांगतो). ती जागा भरायला लाकडाचे नाहीतर शिशाचे तुकडे असायचे, त्यांना फर्निचर म्हणायचे. मोकळी जागा पण ठोकळा लावून भरावी लागायची हे आता स्क्रीनवर काम करणाऱ्यांना पटत नाही.

वाचनमात्र
गटरसाठी "सरी" कसं वाटतं? दोन वरंब्यांच्या मधली सरी. शेतीतला शब्द आहे, खेड्यातल्या पोरांना लगेच कळेल.

पूर्णविराम
सरीतून पाणी जातं, ती कामाची जागा असते. रकान्यांच्या मधे काहीच जात नाही हाच तर मुद्दा. "फट" बरं, पण फट म्हटली की चुकून राहिल्यासारखी वाटते. मी "अंतर" लिहीन आणि गप्प बसेन. तसंही इंग्रजीत गटर कधी दोन रकान्यांमधलं आणि कधी दोन पानांच्या मधलं, बांधणीजवळचं. मराठीत रकान्यांमधलं अंतर आणि बांधणीकडचा समास असे दोन वेगळे शब्द झाले तर उलट गोंधळ कमीच होईल.

कानामात्रा
हे पटलं, घेतलं. आता मॉड्यूल. उभे रकाने आणि आडव्या पट्ट्या एकमेकींना छेदून जी घरं तयार होतात ती. शब्दकोड्यात घर म्हणतात, पण "घर" फार छोटं वाटतं, त्यात एक अक्षर बसतं.

वाचनमात्र
खण म्हणा की! कपाटाचा खण असतो, आणि जुन्या घरांची मापं खणातच सांगायचे, दोन खणांची खोली, पाच खणी घर. दोन खांबांच्या मधे जी जागा ती खण. एक खोली दोन खणांची असू शकते तसा एक फोटो चार खणांचा असू शकतो, अर्थ तंतोतंत बसतो.

खिळेवाला
वा! हे मात्र लाखात एक. आणि यात वरचा स्तंभाचा घोळ पण सुटतो. घरात खांब भरीव आणि खण मोकळा, पानावर उलटं, रकाना भरलेला आणि मधलं अंतर मोकळं. म्हणून कॉलमला स्तंभ म्हणताना मला कायम काहीतरी खटकायचं ते हेच.

कानामात्रा
करून बघते. माझ्या एका अंकाचं पान १८५ मिलीमीटर रुंद, बांधणीकडचा समास २०, बाहेरचा १५, म्हणजे उरले १५०. सहा रकाने, मधे सहा-सहा मिलीमीटरचं अंतर. पाच अंतरांचे ३० गेले, १२० ला सहाने भागलं, प्रत्येक रकाना २० चा. आता लेख दोन रकानी लावायचा असेल तर तीन-तीन जोडायचे, ७२ आणि ७२. परीक्षणं तीन रकानी तर दोन-दोन जोडायचे, ४६ चे तीन. उभं मोजायचं ते ओळींनी, १२ पॉइंट अक्षर, १७ पॉइंटची ओळ, पानात ३४ ओळी. त्याचे पाच खण, प्रत्येकी सहा ओळींचे, दोन खणांच्या मधे एक ओळ रिकामी. "फोटो चार रकाने रुंद, तीन खण उंच" असं सांगितलं की कोणालाही कळेल. वाक्य मराठी वाटतंय ना?

पूर्णविराम
वाटतंय. आता बेसलाइनला, म्हणजे अक्षरं ज्या खालच्या रेषेवर बसवतात तिला, आधाररेषा म्हणून मोकळे होऊ नका, तिथे शब्दापेक्षा मोठी अडचण आहे. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, डोळा वरची रेघ धरून धावतो, आणि सॉफ्टवेअर सगळं खालच्या रेषेवर बसवतं. एकाच फॉन्टचा एकाच आकाराचा मजकूर असेल तोवर काही बिघडत नाही, दोन्ही रेषा आपोआप जुळतात. पण १२ पॉइंटच्या मजकुराशेजारी ९ पॉइंटची फोटोओळ (फोटोखालचा मजकूर) आली की खालच्या रेषा जुळलेल्या आणि शिरोरेषा मात्र पायरीसारख्या वरखाली, आणि दिसतं ते नेमकं वरचंच. मी अशा वेळी ग्रिड बंद करून फोटोओळीची शिरोरेषा हाताने शेजारच्या शिरोरेषेला लावतो. फोटोची वरची कडसुद्धा शिरोरेषेला लावायची, वेलांटीच्या टोकाला नाही, वेलांटी आणि रफार खुशाल वर डोकावू देत.

कानामात्रा
मग बेसलाइन, आधाररेषा काय लिहायचं ते लिहिते, पण शिरोरेषेचं हे वेगळं प्रकरणच करावं लागणार. ग्रिडला ग्रिड, बाकी समास, रकाना, अंतर, खण. ग्रिड पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसक यावर मात्र अजून कोणी बोललं नाही.

खिळेवाला
आमच्याकडे "ती ग्रिड".

पूर्णविराम
आमच्याकडे "ते ग्रिड". चला, आता दोनशे प्रतिसाद नक्की.