नवोदयचा निकाल: पाचवीच्या मुलांना या परीक्षेला बसवावं की सोडत काढावी?

रानजाई

नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या सहावीच्या प्रवेशाची, परीक्षा झाल्यापासून आमच्या तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरा विषय नाही. रोज कुणीतरी "आज संध्याकाळी निकाल" असं टाकतं आणि रोज ते खोटं निघतं. यंदा पेपर सोपा गेला म्हणून पोरं खूश आहेत, आणि त्याच कारणाने आईबाप हादरलेत, कारण सोपा पेपर म्हणजे कट-ऑफ वर जाणार. एका बाईंनी कुठल्याशा यूट्यूबवाल्याचा "संभाव्य कट-ऑफ" पाहून मुलीला झालेलाच पेपर पुन्हा सोडवायला बसवलं, खरे किती आले असतील ते काढायला!

माझाही मुलगा बसलाय, म्हणजे मी काही काठावरून बोलत नाही. पण पाचवीच्या मुलाला ही परीक्षा असूच नये, असं माझं मत झालंय. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 50 गुण नुसत्या आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि उताऱ्यांना निम्मे निम्मे. सहावी ते बारावीचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं या दोन तासांवर. पुढच्या वर्षी परत बसता येत नाही. पेपर पुन्हा तपासून मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेश देताना मुलांची चाळणी करायला मनाई आहे. म्हणजे गल्लीतल्या खाजगी शाळेने पहिलीच्या पोराला चार प्रश्न विचारले तर तो गुन्हा, आणि सरकार स्वतः करतं ती "निवड". नवोदय, सैनिकी शाळांना त्याच कायद्यात "विशिष्ट वर्ग" म्हणून वेगळं काढलंय, पळवाट आहे ती अशी.

माझी सूचना सरळ आहे. पात्र अर्जांतून तालुकावार सोडत काढा. चिठ्ठी निघाली नाही म्हणून कुणी मुलाला "थोडा अभ्यास कमी पडला" म्हणणार नाही. बोला आता. फक्त "मग तुमच्या मुलाला कशाला बसवलं" एवढं नको, ते मला घरीच रोज ऐकायला मिळतं.

मोहोळकर

तेवढं सोडून बोलतो ताई. सोडत म्हणजे नशीब, आणि नशिबाचं आम्हाला कौतुक नाही. आमच्याकडं पाऊससुद्धा नशिबावरच पडतो.

पोखरापूरचं नवोदय आमच्या तालुक्यातच आहे, येताजाता दिसतं. तिथं सरपंचाची ओळख चालत नाही, आमदाराचं पत्र चालत नाही. तलाठ्याच्या पोराला जो पेपर तोच माझ्या पोराला, तोही मराठीत. निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागाला, तिसरी-चौथी-पाचवी खेड्यात शिकलेल्यांना. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. नववीपासून महिना 600 रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. याच्या तोडीचं दुसरं ठिकाण दाखवा, मी उद्या परीक्षेच्या विरोधात सही करतो. तोवर धडधड होऊ द्या की. द्राक्षाचा माल व्यापाऱ्याकडं गेल्यावर विक्रीच्या हिशेबाची पट्टी येईस्तोवर पण होते, म्हणून कुणी बाग काढत नाही.

काळी_पाटी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, दरवर्षी नवोदयची मुलं तयार केली, म्हणून थोडं लिहितो.

मोहोळकर, पेपर एकच असतो हे खरं, तयारी एक नसते. पूर्वी शिक्षक शाळा सुटल्यावर फुकट जादा तास घेत, आजही पुष्कळ जण घेतात. पण आता शेजारी निवासी बॅचेस आल्या आहेत. चौथीच्या सुट्टीत मुलाला नेऊन सोडायचं ते पेपरच्या आदल्या दिवशी आणायचं. तिथे मूल आकृती पाहून पर्याय सांगतं, पण का ते सांगता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत गोल कसे भरायचे याचाही सराव असतो. आणि तुम्ही म्हणता त्या ग्रामीण जागा? शहरात घर, वडील नोकरदार, आणि मुलाचं नाव तिसरीपासून खेड्यातल्या शाळेच्या पटावर. अशी मुलं मी माझ्या वर्गात पाहिली आहेत. म्हणजे पाहिली नाहीत, हजेरीत वाचली आहेत.

शिक्षकांचंही सांगतो, कारण कुणी बोलत नाही. निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. चाळीसच्या वर्गातले दोन चेहरे त्यावर. उरलेली 38 मुलं वर्षभर त्याच फ्लेक्सखालून शाळेत येतात. आईबाप निकालाला घाबरतात त्यात या फ्लेक्सचा मोठा वाटा आहे.

पण रानजाई ताई, सोडत मला पटत नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणात या शाळा आल्या त्या खेड्यातल्या हुशार मुलाला पैशांवाचून अडू नये म्हणून. त्याआधी प्रयोग म्हणून दोनच काढल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. सोडत काढली तर ती फक्त आणखी एक सरकारी वसतिगृहशाळा होईल. माझं भांडण 80 जागांशी आहे. अख्ख्या जिल्ह्याला सहावीच्या 80 जागा, आणि आपण मात्र निकाल मुलांच्या अभ्यासाचा धरून बसलोय.

रानजाई

गुरुजी, 80 च्या 160 केल्या तरी 161 वा असेलच ना? त्या घरात काय सांगायचं ते सांगा.

नवोदयन_98

हाय. मी तिथे सात वर्षं काढली आहेत. परीक्षा, सोडत, दोन्ही बाजूंचं वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे.

इथे सगळे निकालाची काळजी करताय, प्रवेशाची कुणीच करत नाही. निकाल पॉझिटिव्ह आला की पुढे काय, हे मुलाला कुणी विचारलंय का? दहा-अकराव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन डॉर्मिटरीत जायचं. पहाटे पीटी. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. महिन्यातून एखादा भेटीचा रविवार, त्यात आई डबा घेऊन येते आणि मुलं जेवायचं सोडून रडतात. नववीत 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. मी हिंदी पट्ट्यात गेलो होतो. आज म्हणाल तर ते वर्ष सगळ्यात भारी होतं, पण तेव्हा विचारलं असतंत तर मी पळून आलो असतो. आमच्या बॅचचे दोघं सहावीतच परत गेले. हुशार होते, राहवलं नाही.

त्यामुळे वाट बघताय ना, त्या वेळात मुलाला चार रात्री मामाकडे, आत्याकडे एकटं राहू द्या. कट-ऑफचे व्हिडिओ बघण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

शंकासुर

नवोदयन, तुम्ही गोड बोललात. 2018 च्या डिसेंबरात इंडियन एक्स्प्रेसने छापलं होतं ते पण सांगा की: 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयमध्ये 49 मुलांच्या आत्महत्या, त्यात निम्मी दलित-आदिवासी. आणि पालक इथे नंबर लागावा म्हणून नवस बोलतायत.

नवोदयन_98

वाचलंय. गोड काहीच बोललो नाही, परत वाचा. म्हणूनच म्हणतोय की मूल राहू शकेल का ते आधी बघा. शाळा साडेसहाशेच्या आसपास आहेत, प्रत्येकीत मुलांकडे बघणारा माणूस वेगळा. प्रवेशाआधी जाऊन हाउस मास्तरांना भेटा, सीनियर मुलांशी बोला. नुसता आकडा टाकून निघून जाऊ नका.

शेवंता

माझ्या मुलीचं गेल्या वर्षी झालं नाही. सोडतवाल्या ताईंना माझा ठाम विरोध आहे.

पोरगी रुसली, जेवली नाही, संध्याकाळी लंगडी खेळायला गेली. विषय संपला. तिच्यापुरता. तिच्या आत्याला आणि माझ्या जावेला मात्र तो संपवायचा नव्हता. निकाल रोल नंबर आणि जन्मतारीख टाकून उघडतो, म्हणून माझं एकच सांगणं, नातेवाइकांना रोल नंबर देऊ नका. जन्मतारीख त्यांना माहीत असतेच. आमच्याकडे मी पाहायच्या आधी तीन जणांनी पाहिला होता.

पण परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांनी मुलींचा विचार केलाय का? आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे एसटी, आणि एसटीची वेळ बदलली की मुलगी घरी. नवोदयमध्ये एक तृतीयांश जागा मुलींना आहेत. आमच्या शेजारची लागली तेव्हा तिच्या आजोबांनी कुरकुर न करता पाठवली, कारण "परीक्षेत पहिली आली" हे गावाला सांगता येतं. सोडतीत नाव निघालं असतं तर म्हणाले असते, राहू दे, धाकट्याचं बघू. तिने मिळवलंय म्हणून तिला अडवता आलं नाही. हे तुमच्या कलम 13 मध्ये कुठे बसतं?

रानजाई

शेवंता, या मुद्द्याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही, विचार करते. पण मग दुसरं सुचवते. परीक्षा ठेवा, ती आठवीनंतर घ्या. चौदाव्या वर्षी मुलाला निदान कळतं आपण कशाला बसलोय ते. आत्ता माझ्या मुलाला विचारलं तर तो सांगतो, "तिथे मोठं ग्राउंड आहे."

सह्याद्री_एक्स्प्रेस

नववीला प्रवेश आहेच की! रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते. सैनिकी शाळेतही सहावी आणि नववी, दोन्हीला घेतात. साताऱ्याची सैनिकी शाळा देशातली पहिली, 1961 ची. तिथल्या सहावीच्या परीक्षेत 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला, ते बघितलंत तर नवोदय सोपं वाटेल. आमच्या चिरंजीवांनी दोन्ही दिल्यात, त्यामुळे आमच्या घरी धडधड डबल आहे 😄 सैनिकीला फी मात्र भक्कम, तिथे मोहोळकरांचा मुद्दा लागू नाही.

रानजाई

रिकाम्या जागा म्हणजे कुणी सोडून गेलं तर. मी सगळ्याच जागांबद्दल बोलतेय.

मोहोळकर

आठवीनंतर घेऊन काय उपयोग ताई. पाचवीत माझं पोर आणि शहरातलं पोर यांच्यात फरक आहे तो भरून निघण्याएवढा आहे. आठवीपर्यंत एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतोय, इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं उतरून घेणं. तेव्हा परीक्षा घेतलीत तर लागणार सगळे क्लासवाले. मुलाला कळत नाही म्हणता ते बरोबर, कळत नाही. मला कळतंय. माझ्या बापाला कळलं नव्हतं म्हणून मी इथं टोमॅटो मोजतोय.

काळी_पाटी

मोहोळकर बोलतात त्यात तथ्य आहे. पण त्यांचा मुलगा लागला तर वर्गातल्या बाकीच्यांना तोच "दोन वर्ग सांभाळणारा" शिक्षक राहणार, याचं उत्तर परीक्षाही देत नाही आणि सोडतही नाही. असो. फ्लेक्सबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही, ते लक्षात आलं माझ्या.

शेवंता

गुरुजी, फ्लेक्स शाळा लावते, पैसे बहुतेक वेळा आम्ही पालकच देतो. यंदा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत मी आहे, बघते काय होतं ते.

वाट_बघणारा_बाप

वाद चालू द्या, माझा साधा प्रश्न. नाव आलंच तर कागद काय काय लागतात? आणि वेटिंगला आलं तर?

नवोदयन_98

जन्मदाखला, रहिवासी, तिसरी ते पाचवीचा मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, जात प्रमाणपत्र लागू असेल तर. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, त्यात बरेच जण अडकतात. तहसीलला आत्ताच अर्ज टाकून ठेवा, निकालानंतर तिथे रांग असते.

मोहोळकर

आणि वेटिंगला असाल तर गावातल्या शाळेतनं दाखला काढायची घाई करू नका. सहावीत नाव घालून ठेवा. बोलावणं आलं तर दाखला एका दिवसात मिळतो, नाही आलं तर पोराचं वर्ष फुकट जायला नको.